बोलायच्या आधी बाळाला खुणांची भाषा शिकवावी का?

शेवंती

मंडळी, माझी लेक आठ महिन्यांची आहे. नणंद न्यू जर्सीला असते. तिचा मुलगा वर्षाचा व्हायच्या आधीपासून दूध हवं असलं की मूठ उघड-मीट करून दाखवायचा, अजून हवं असलं की दोन्ही हातांची बोटं जुळवून टोकाला टोक आपटायचा, आणि पोट भरलं की पंजे फिरवून 'झालं'. व्हिडिओ कॉलवर हे बघून आमच्याकडे सगळे थक्क. तेव्हापासून नणंदेचं पालुपद चालू आहे, तूही शिकव, उशीर करू नकोस.

इकडे साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं, हातानेच काम भागलं तर पोर तोंड कशाला उघडेल? माझी आई तटस्थ आहे, म्हणजे ज्या घरी असेल त्या घरचं बरोबर म्हणते. नवरा म्हणतो तुला योग्य वाटेल ते कर, म्हणजे त्याने प्रश्न ऐकलेलाच नाही.

तर कुणी हे खरंच केलंय का? बोलायला उशीर होतो का? आमच्या घरात मराठी, सांभाळायला येणाऱ्या मावशी कानडीमिश्रित हिंदी बोलतात, माझे दिवसभर इंग्रजीतून कॉल चालू असतात. त्यात हे चौथं घातलं तर पोरगी गोंधळेल का? आणि शिकवायचंच तर अमेरिकन खुणा शिकवू की भारतीय? जवळ एके ठिकाणी वर्ग चालतात असं कळलं. फी ऐकून मीच मूठ मिटली.

टवाळभैरव

आमची कन्या चार वर्षांची आहे. गप्प कसं बसावं याच्या खुणा शिकवणारा वर्ग कुठे असेल तर कळवा, वाट्टेल ती फी देतो. (दिवे घ्या.)

आजी_ऑनलाइन

अगं शेवंती, यात नवीन ते काय? आमच्या वेळी याला वर्ग नव्हते आणि नावही नव्हतं. टाटा कर, बाप्पाला जेजे कर, पंखा कुठाय, चांदोबा कुठाय, बाळ केवढं मोठं? की लगेच दोन्ही हात वर. तळहातावर बोटाने मोर बसवायचा खेळ, टाळ्या, मंमं म्हणत तोंडाशी नेलेली बोटं, गाईगाई करताना गालाखाली हात. संपलं की हात झटकून 'भुर्र गेलं'. हे सगळं पाळण्यापासून चालायचं आणि कुणी ते मुद्दाम शिकवतोय असं म्हणत नसे.

माझा धाकटा बीडला लहानाचा मोठा झाला. लोडशेडिंगचे दिवस. लाइट गेली की हा दोन्ही पंजे उलटे करून माझ्याकडे बघायचा. त्याने आपल्या मनाने काढलेली पहिली खूण तीच. पुढे पाणी संपलं, गोष्ट संपली, वडील ऑफिसला गेले, सगळ्याला तेच उलटे पंजे. आता तो वीजमंडळात नाही, नाहीतर काय शोभलं असतं.

तुझ्या सासूबाईंना सांग, आमचा बोलायला एक दिवसही मागे पडला नाही.

एडिसनचा_बंड्या

शेवंती, तुमच्या नणंदेच्या गावाजवळूनच लिहितोय. इथे पाळणाघरांत हे सर्रास चालतं. कारण व्यवहारी आहे. एका बाईकडे चार तान्ही मुलं. चौघंही एकदम रडायला लागली तर कुणाला भूक आहे नि कुणाला उचलून हवंय हे कळण्याची काहीतरी सोय हवी. म्हणून दूध, अजून, झालं आणि मदत (एका तळहातावर दुसरी मूठ ठेवून वर उचलायची) एवढ्या चार खुणा त्या प्रत्येक वेळी तोंडाने म्हणत म्हणत करतात. वर्ग-बिर्ग काही नाही.

आमच्या थोरलीने बरेच आठवडे ढिम्म काही केलं नाही, नुसती बघत बसायची. मग एकदा अचानक 'अजून' आलं आणि त्यानंतर जगातल्या प्रत्येक गोष्टीला 'अजून'. देवळात सत्यनारायण होता, ही गुरुजींकडे बघून जोरजोरात बोटं आपटतेय. गुरुजींना वाटलं आरतीच्या टाळ्या वाजवतेय. "काय संस्कार आहेत" म्हणाले. तिला शिरा हवा होता.

उशीर झाला नाही. पण लवकर बोलली असंही नाही. धाकट्याला आळसामुळे काहीच शिकवलं नाही, तोही साधारण त्याच वयात बोलायला लागला. फरक एकच वाटला, थोरलीच्या वेळी संध्याकाळची रडारड कमी होती. तीही कदाचित तिच्या स्वभावामुळे असेल.

खडूस_सदाशिव

शिरा प्रकरण आवडलं. आता थोडं थंड पाणी ओततो.

हे खूळ आलं कुठून ते आधी बघा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या लिंडा ॲक्रेडोलो या मानसशास्त्रज्ञ. त्यांची वर्षाची लेक फूल दिसलं की नाकाने हुंगून दाखवायची आणि मासा दिसला की फुंकर मारायची. फुंकर का, तर पाळण्यावर टांगलेले मासे हलावेत म्हणून आई रोज त्यांच्यावर फुंकर मारायची. म्हणजे खूण आईने शिकवली नव्हती, पोरीने उचलली होती. त्यावरून त्यांनी आणि सुझन गुडविन यांनी संशोधन केलं आणि १९९६ मध्ये पुस्तक काढलं. त्याच सुमाराला जोसेफ गार्सिया या दुभाष्याने, कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं किती लवकर खुणा करतात हे बघून, अमेरिकन सांकेतिक भाषेतल्या खुणा ऐकू येणाऱ्या घरांमध्ये शिकवायचं पुस्तक लिहिलं. इथवर ठीक.

मग सुरू झाला धंदा. डीव्हीडी, पत्ते, वर्ग, प्रशिक्षकांचे वर्ग, प्रशिक्षकांच्या प्रशिक्षकांचे वर्ग. जाहिरातीत हमखास एक वाक्य: खुणा शिकलेल्या मुलांचा आठव्या वर्षी बुद्ध्यांक १२ गुणांनी जास्त. तो निष्कर्ष २००० साली एका परिषदेत मांडला होता, मुलं मोजकीच होती. त्यावर अख्खी बाजारपेठ उभी आहे. २००५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी तोवरचे १७ अभ्यास तपासले आणि म्हटलं, फायदा होतो असं म्हणण्याइतका पुरावा यात नाही.

तेव्हा शेवंतीताई, फीचे पैसे पोरीच्या नावाने ठेवा आणि आजींसारखं टाटा-जेजे करा.

टवाळभैरव

आमच्या चिरंजीवांनी आयपीएलच्या मोसमात दोन्ही हात वर करायला सुरुवात केली. आम्हाला वाटलं सिक्सर दाखवतोय, आम्ही टाळ्या वाजवायचो. तो बिचारा उचलून घे म्हणत होता.

लोकल_प्रवासी

अवांतर: सांकेतिक भाषेची खरी राजधानी विरार लोकल आहे. बसलेल्या माणसाला उभ्या माणसाने नुसत्या भुवयांनी विचारायचं कुठे उतरणार, त्याने अंगठा मागे किंवा पुढे करून सांगायचं, मग उभ्याने छातीवर हात ठेवून जागा बुक करायची. कुणाच्या कानातला हेडफोन निघत नाही. यात बाळाला घालायचं असेल तर क्लास फुकट, फक्त पास काढा.

स्वरयंत्र

मी मुंबईत वाचाभाषा उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साबांची शंका (सगळ्यांच्याच साबांची) आधी. हाताने काम भागलं म्हणून मूल बोलत नाही, असं होत नाही. उलट ज्याच्याकडे हातवारे भरपूर, त्याची भाषा वेळेवर येण्याची शक्यता चांगली. २००५ मध्ये जाना आयव्हरसन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी दहा मुलांचा भाषेच्या सुरुवातीच्या काळात पाठपुरावा केला. मुलं ज्या वस्तूकडे आधी बोट दाखवायची, तिचा शब्द पुढे त्यांच्या तोंडी यायचा. आणखी एक गंमत होती. मूल चपलेकडे बोट दाखवून "बाबा" म्हणतं, म्हणजे बाबांची चप्पल. एक अर्थ हातात, एक तोंडात. ज्या मुलांनी अशी जोडी लवकर लावली, त्यांनी दोन शब्दांचं वाक्यही लवकर केलं. म्हणजे हात जिभेच्या आड येत नाही, तिच्यापुढे चालतो. लक्षात घ्या, ही मुलांची आपणहून केलेली खूण आहे, शिकवलेली नव्हे.

आता शिकवलेल्या खुणांबद्दल. खडूस यांनी एक अभ्यास सोडला, बहुधा त्यांच्या बाजूचा असूनही. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशर विद्यापीठात एलिझाबेथ कर्क यांनी ४० बाळं घेतली, आठ महिन्यांपासून वीस महिन्यांपर्यंत. काहींच्या आयांना ब्रिटिश सांकेतिक भाषेतल्या खुणा शिकवल्या, काहींना साधे हावभाव, काहींना फक्त शब्दांवर भर द्यायला सांगितलं, काहींना काहीच नाही. २०१३ मध्ये निकाल आला. मुलांच्या भाषेत फरक नाही. पण खुणा वापरणाऱ्या आया आपल्या बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना जास्त प्रतिसाद द्यायला लागल्या होत्या. बाळ काय दाखवतंय, कुठे बघतंय, हे त्यांना अधिक टिपता येत होतं.

माझ्या मते सगळा ऐवज इथे आहे. खूण करायची तर तुम्हाला बाळाच्या समोर यावं लागतं, हातातला फोन खाली ठेवावा लागतो, त्याने केलेलं अर्धवट काहीतरी ओळखावं लागतं. हे तुम्ही खुणांशिवाय करत असाल तर वर्गाची गरज नाही. करत नसाल तर वर्गाने बुद्ध्यांक वाढणार नाही.

चार भाषांनी गोंधळ होत नाही. शब्द मोजताना फक्त सगळ्या भाषांतले मिळून मोजा. "पाणी" मराठीत आणि "नीरु" हा कानडी शब्द मावशींकडून आला असेल तर दोन्ही धरा.

शेवंती

स्वरयंत्र, खूप आभार. फोन खाली ठेवण्याबद्दल वाचून फोन खाली ठेवला आणि मग उत्तर लिहायला परत उचलला.

आजी, उलटे पंजे म्हणजे अगदी डोळ्यासमोर आलं. आमची पण संपलेल्या वाटीकडे बघून असंच काहीतरी करते, मला वाटायचं हात झटकतेय.

हातवारे

मी सहसा वाचनमात्र असतो. या धाग्यावर मात्र लिहायलाच हवं.

माझे आईवडील दोघंही कर्णबधिर. मला ऐकू येतं. मिरजेला वाढलो, घरात आजी होती, तिच्याकडून मराठी शिकलो. पण आईशी पहिलं बोलणं हातानेच. माझी आजी सांगायची की मी बोबडं बोलायला लागण्याच्या बरंच आधी आईकडे खाऊ मागायला शिकलो होतो, आणि आजीकडे हात केले तर तिला कळत नाही म्हणून तिच्यासमोर रडायचो. गोंधळ शून्य. कुणाशी काय वापरायचं हे बाळाला पक्कं कळतं.

तुम्ही ज्याला इथे सांकेतिक भाषा म्हणताय ती भाषा नाही, दहा-वीस खुणा आहेत. त्यात वाईट काही नाही, पण फरक माहीत असू द्या. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. 'काय', 'कुठे' हे वाक्याच्या शेवटी येतात. हो-नाही प्रश्न असेल तर भुवया वर जातात, आणि भुवया नसतील तर तो प्रश्नच नसतो. लोकलच्या भुवया वाचून हसलो, लोकल_प्रवासी, तुमचं व्याकरण बरोबर आहे. आधी सांगितलेला माणूस पुढे फक्त जागेकडे बोट करून येतो, नाव परत लागत नाही. मराठीतून एकेक शब्द उचलून हाताने केला की ती भाषा होत नाही.

आता जे बोचतं ते. १८८० मध्ये मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की शाळेत खुणा नकोत, फक्त तोंडी बोलणं. त्याचे पडसाद जगभर शंभर वर्षं उमटले. माझी आई ज्या शाळेत होती तिथे वर्गात हात मांडीखाली ठेवून बसवायचे. केले तर पट्टी. पोरी मग संडासात जाऊन एकमेकींशी बोलायच्या. आईची खरी भाषा तिथे तयार झाली. आजही बाळाला ऐकू येत नाही असं कळलं की ऐकणाऱ्या आईबापांना बरेच जण हेच सांगतात, खुणा करू नका, बोलायचं नाही मग. नेमकं शेवंतीच्या सासूबाईंचं वाक्य. फक्त इथे ते ज्या मुलाला दुसरी कुठलीच भाषा धड पोचत नाही त्याच्याबद्दल म्हणतात.

म्हणजे ऐकू येणाऱ्या बाळाने खूण केली की हुशार, त्यासाठी फी. न ऐकणाऱ्याने केली की पट्टी. हे वर्ग घेणाऱ्यांपैकी कर्णबधिर शिक्षक किती असतात, एवढं फी भरण्याआधी विचारा.

खडूस_सदाशिव

हातवारे, प्रतिसाद चटका लावणारा आहे. पण एक मुद्दा. कर्णबधिर मुलाला आधी श्रवणयंत्र किंवा कॉक्लियर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचं यंत्र), आणि बोलण्यावर जोर, यामागे डॉक्टरांचं काही शास्त्र आहेच ना? समाजात बोलता यायला हवं, हे चूक कसं?

हातवारे

चूक नाही. यंत्र द्या, इम्प्लांट करा, बोलायला शिकवा. पण शस्त्रक्रिया होईपर्यंत, आणि झाल्यावर कान-मेंदू सरावेपर्यंत, ते मूल कुठल्या भाषेत विचार करणार? तो काळ रिकामा का ठेवायचा? दोन्ही करा असं म्हणतोय. आमच्या ओळखीत इम्प्लांट झालेली मुलं आहेत, बोलतात छान, आणि रात्री यंत्र काढल्यावर आईशी हाताने बोलतात. ज्यांच्या आया शिकल्या त्यांचीच, अर्थात.

बाळडॉक्टर_नाशिक

हातवारे यांच्याशी सहमत. "थांबा, बोलेल" या सल्ल्याने वाया गेलेली वर्षं मी रोज बघतो. दोन-चार गोष्टी लिहितो, धाग्यावर नवे आईबाप आहेत म्हणून.

जन्मल्यावर पहिल्या महिन्यात कानाची चाळणी चाचणी, त्यात शंका आली तर तीन महिन्यांपर्यंत निदान, आणि सहा महिन्यांपर्यंत उपचाराला सुरुवात, असं वेळापत्रक जगभर मानलं जातं. चाचणीचं नाव ओएई. बाळ झोपलेलं असताना कानात छोटी नळी लावून होते, दुखत नाही. त्यात नापास झालं तर बेरा ही पुढची तपासणी. घरी ताट वाजवून बाळ दचकलं म्हणजे ऐकू येतं असं धरू नका. ताटाची थरथर आणि वाऱ्याचा झोतही बाळाला जाणवतो. इम्प्लांटचा खर्च मोठा असतो, पण अपंगांना साधनांसाठी मदत करणाऱ्या केंद्राच्या ॲडिप योजनेतून लहान मुलांना मदत मिळते, वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा.

आणि वर्षाच्या बाळाने बोट दाखवणं, टाटा करणं, वस्तू आणून दाखवणं यातलं काहीच सुरू केलं नसेल तर दाखवायला आणा. सोळा महिन्यांत एकही शब्द नाही, दोन वर्षांत दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेलं बोलणं-हातवारे गेले, यातलं काहीही असलं तरी. मुलगे उशिराच बोलतात, याचे मामा पाच वर्षांनी बोलले, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की महाराष्ट्रातले सगळे मामा एकदम पाचव्या वर्षी बोलायला लागले असावेत.

जाता जाता, जीभ सुटावी म्हणून मध चाटवणं वर्षाच्या आत अजिबात नको.

टवाळभैरव

मी मामा आहे. निषेध.

निशिगंध

माझ्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. तो आता सात वर्षांचा आहे. इथल्या चर्चेत "फायदा नाही, फक्त आईचं लक्ष वाढतं" वाचून थोडं थांबले. हे अभ्यास सामान्यपणे वाढणाऱ्या मुलांवर झालेत. आमच्यासारख्या मुलांचं गणित वेगळं असतं. त्यांना समजत खूप असतं, पण जीभ, ओठ, स्नायूंची ताकद, ऐकणं, सगळं मागून येतं. मधली वर्षं जड जातात. माझा मुलगा तिसऱ्या वर्षापर्यंत डोकं आपटायचा, चावायचा. थेरपिस्टनी मुख्य शब्दाला एकेक खूण जोडायला सांगितली. बोलायचं पूर्ण वाक्य, हात फक्त एका शब्दावर.

त्याची आपणहून केलेली पहिली खूण खाण्याची किंवा पाण्याची नव्हती. 'बस' होती. म्हणजे फिजिओ पुरे. आम्ही थांबलो. त्या दिवसापासून चावणं कमी झालं, कारण त्याला कळलं की हात वर केला की जग थांबतं. शब्द आल्यावर खुणा एकेक करत गळाल्या. 'बस' मात्र अजून हातानेच करतो, आणि फार ठसक्यात.

रेडिंगकर

निशिगंध, तुम्ही म्हणताय त्या पद्धतीला इथे ब्रिटनमध्ये मकाटॉन म्हणतात. १९७० च्या दशकात शिकायला अडचण असलेल्या लोकांसाठी तयार झाली, खुणा ब्रिटिश सांकेतिक भाषेतून घेतलेल्या. आता बीबीसीच्या छोट्यांच्या वाहिनीवर त्यातून कार्यक्रम असतो, त्यामुळे सगळीच मुलं चार खुणा शिकतात. माझ्या मुलीच्या वर्गात डाउन सिंड्रोम असलेला एक मुलगा आहे, त्याच्याशी सगळा वर्ग हात करतो. कुणाला त्यात विशेष वाटत नाही. शिकवण्याचं असलं कारण मला बुद्ध्यांकापेक्षा पटतं.

एडिसनचा_बंड्या

मूळ प्रश्नातला एक भाग राहिला, अमेरिकन की भारतीय?

हातवारे

भारतात राहता तर भारतीय. अमेरिकन सांकेतिक भाषेचं नातं फ्रेंच सांकेतिक भाषेशी आहे. १८१७ मध्ये अमेरिकेत हार्टफर्डला कर्णबधिरांची शाळा निघाली, तिथे लोराँ क्लेर्क हे कर्णबधिर शिक्षक फ्रान्सहून आले होते. इंग्रजी दोन्हीकडे असली तरी अमेरिकन आणि ब्रिटिश खुणा एकमेकांना कळत नाहीत. आपली बोटांची लिपी ब्रिटिशांसारखी दोन हातांची, अमेरिकन एका हाताची. तुमची लेक उद्या पुण्यात एखाद्या कर्णबधिर मुलाला भेटली तर नणंदेकडचं 'अजून' त्याला कळायचं नाही.

पैसे घालवू नका. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था आहे, २०१५ पासून. त्यांचा शब्दकोश २०१८ मध्ये ३००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० झाला. सगळे व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत. २०२२ पासून साइन लर्न नावाचं ॲपही आहे. करणारे लोक कर्णबधिरच आहेत, चेहरा नीट बघा, नुसते हात बघू नका. गावोगावी खुणा थोड्या बदलतात, त्याचा ताण घेऊ नका. जवळ कर्णबधिरांची संघटना किंवा क्लब असेल तर सरळ जा आणि विचारा. मुलाला घेऊन गेलात तर चहा मिळेल आणि दोन तास सुटका होणार नाही.

आजी_ऑनलाइन

मी ते व्हिडिओ लावून बघितले. खाण्याची खूण तर आपलीच आहे की, पाची बोटं तोंडाशी! नातीला करून दाखवली, तिने माझ्या तोंडात बिस्कीट घातलं.

खडूस_सदाशिव

फुकट असल्याने माझा विरोध मागे. वर्गांना मात्र कायम.

शेवंती

सगळं वाचून ठरवलंय ते सांगते. वर्ग नाही. खाऊ, पाणी, अजून, झालं, उचल, दुखतंय, एवढ्याच खुणा, भारतीय कोशातून बघून, आणि प्रत्येक वेळी मराठीत म्हणत म्हणत. मावशींनाही दाखवल्या, त्या हिंदीत म्हणतात, हात तोच. साबांना स्वरयंत्र यांचं चपलेचं उदाहरण वाचून दाखवलं. "आमचा हा पण असंच करायचा" म्हणाल्या, म्हणजे माझा नवरा. त्याला आता लहानपणचा स्वतःचा इतिहास कळला, त्यामुळे तोही प्रश्न ऐकायला लागलाय.

एक शंका: ती डाव्या हाताने करते. सुधारायचं का?

हातवारे

अजिबात नाही. डावखुरे डाव्यानेच करतात. आणि तिने खूण वाकडीतिकडी केली तरी हात धरून दुरुस्त करू नका. "दुदू" म्हणाली तर "दूध म्हण" म्हणून जीभ धरत नाही ना आपण? तुम्ही नीट करत राहा, तिची बोटं सुटी झाली की होईल.

गौरांग_आई

उशिरा येतेय धाग्यावर. माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. आम्ही खुणा खूप केल्या, त्याला भरपूर येतात, बोट दाखवतो, हाक मारली की बघतो, सांगितलेलं सगळं कळतं. शब्द मात्र मोजून सात-आठ. आता घरचे म्हणतात बघ, हातवारे शिकवलेस म्हणून. खुणा बंद करू का?

स्वरयंत्र

बंद करू नका. त्याच्याकडे आत्ता जे आहे ते काढून घेतल्याने शब्द येत नाहीत, फक्त चिडचिड येते. खुणांमुळे उशीर झालेला नाही, उलट खुणांमुळे आपल्याला दिसतंय की समज चांगली आहे. ती चांगली खूण आहे. पण दोन वर्षांना सात-आठ शब्द कमी आहेत, त्यामुळे वाटही बघू नका. याच आठवड्यात श्रवणचाचणी करून घ्या, जन्मल्यावर झाली असली तरी. सर्दी-कानाच्या तक्रारी वारंवार होत असतील तर ते डॉक्टरांना सांगा, कानात पाणी साचलं तरी ऐकणं कमी होतं. त्यानंतर जवळच्या वाचातज्ज्ञाकडे जा, मोठ्या सरकारी रुग्णालयांतही असतात.

घरी एवढं करा. त्याने खूण केली की लगेच वस्तू देऊ नका, अडवूही नका. शब्द म्हणा, डोळ्यांत बघून दोन क्षण थांबा, मग द्या. त्या थांबलेल्या वेळात काही आवाज आला तर तो शब्द समजून घ्या.

बाळडॉक्टर_नाशिक

+१. आणि मामांचा विषय निघाला तर हा धागा दाखवा.